मच्छीमार कोणाला म्हणायचे?

वऱ्हाड म्हटले की कापूस आणि संत्री डोळ्यांपुढे येतात. पण पूर्णेच्या काठी, मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर आणि अकोल्याला पाणी पुरवणाऱ्या महानच्या काटेपूर्णा जलाशयावर मासेमारीवर जगणारी भोई कुटुंबेही आहेत. वाळूउपशाने नदीचे काठ ढासळतात, मासळी आटते आणि धरणाचाच आधार उरतो. तिथला ठेका सहकारी संस्थेला मिळतो. सभासद व्हायला ‘क्रियाशील मच्छीमार’ असावे लागते.

हा मच्छीमार कोण? पाण्यात उतरतो तो, असे मानले जाते. जाळे सांधणारी, मासळी निवडणारी, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई नुसती ‘मदत करते’. नवरा वारला तर हक्क सांगायला तिच्या हाती कागद नसतो. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४०, तर स्त्रियांना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. पण जिची मच्छीमार म्हणून नोंदच नाही, तिच्यापर्यंत ते पोचणार कसे?

पाहणीचे छापील अर्ज कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय विचारून पुढे सरकतात. मैत्रिणींनो, वस्तीत जाताना आपण वेगळे प्रश्न नेऊ या. जाळे कोणी सांधले? मासळी कोणी विकली? पैसे कोणाच्या हाती राहिले? ही उत्तरे लिहून काढू आणि वस्तीतल्या बायांसोबत संस्थेच्या वार्षिक सभेत सभासदत्व मागू. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून स्त्री-चळवळ झगडत आली आहे. संस्थेच्या सभासद-यादीसाठीही तसेच झगडावे लागेल.