कोणत्या वहीत?

दिवाळीत गावी निघताना घरांना कुलपं लागतात आणि नेमके याच दिवसांत पोलीस बाजारपेठेच्या बंदोबस्तावर असतात. त्याआधी गणपती, नवरात्र. मध्येच एखादी निवडणूक. घरफोडीचा तपास करणारा आणि मिरवणुकीत उभा राहणारा अंमलदार बहुधा एकच. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ सालीच सांगितलं होतं.

माणसं अपुरी असताना सगळ्या गुन्ह्यांना सारखा वेळ मिळणार नाही, हे मान्य. खून, बलात्कार, बेपत्ता मूल यांमागे ठाण्याने आधी धावलंच पाहिजे. पण बाकीची निवड ठाणे अंमलदाराच्या टेबलावर होते, तक्रार कोणत्या वहीत लिहायची हे ठरतं तेव्हा, आणि तिची कारणं कुणी सांगत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर बंधनकारक, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट झालं. तरीही लोकलच्या गर्दीत खिशातून गेलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून लिहिला जातो, मारहाणीची नुसती 'एनसी', म्हणजे अदखलपात्र नोंद होते. गहाळ वस्तूला चोर नसतो, म्हणून तपास नसतो. एनसीचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करता येत नाही. ठाण्याचे आकडे तेवढे आटोक्यात राहतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत तर पाच हजारांखालची चोरी, चोर पहिलटकर असेल आणि माल परत केला तर, समाजसेवेच्या शिक्षेची आणि अदखलपात्र ठरली. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हॅण्डसेट याच रकमेत बसतो. तिची कामं, मुलाच्या शाळेचे निरोप, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच फोनवर. 'किरकोळ' हा शेरा मारताना तिला कुणी विचारत नाही, याची आम्हाला चीड आहे. या अंकाचा विषय त्यातूनच ठरला.

गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, तेव्हा पोलीस न्यायालयाकडे 'अ समरी', म्हणजे तपास बंद करण्याची परवानगी मागतात. कोणत्या प्रकारच्या किती गुन्ह्यांत ती मागितली, हे प्रत्येक ठाण्याने दर महिन्याला दाराशी फलकावर लिहावं. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं आता कायद्यानेच पोलिसांवर बंधनकारक आहे. वाचकांनी ते हक्काने मागावं, आणि आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला मागायला सोबत करावी.