सहवासितांची यादी

कुष्ठरोगाचे निदान एकाचे होते, आणि आरोग्य कर्मचारी घरी येतो तो उरलेल्यांची नावे लिहून घेण्यासाठी. सुस्थितीतील घरांत नेमके याच वेळी दार अर्धे लोटले जाते. मुलीची सोयरीक ठरायची असते, पेढीवर गिऱ्हाइकांचा राबता असतो. नाव बाहेर फुटले तर काय, ही धास्ती.

वास्तविक ही यादी निरोगी माणसांच्या रक्षणासाठी असते. तपासणीत कुष्ठरोगाची वा क्षयाची लक्षणे नसतील, तर सहवासितांना रिफाम्पिसीनची एकच मात्रा देतात. प्रौढांस ६०० मिलिग्रॅम, मुलांस वय-वजनानुसार कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोन वर्षांवरील सहवासितांसाठी तिची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ती विनामूल्य मिळते. गर्भवती स्त्रिया व यकृताचे रुग्ण यांना ती देत नाहीत. औषधानंतर लघवी नारिंगी होते, त्यास घाबरू नये.

लाभाचा हिशेब मात्र चोख मांडावा. बांगलादेशात २१,७११ सहवासितांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. त्यापुढील दोन वर्षांत दोन गटांत फरक उरला नाही. शिवाय रोगजंतू शरीरात सरासरी पाच, क्वचित वीस वर्षेही सुप्त राहतो. म्हणजे मात्रा घेतली की खाते बंद झाले, असे नव्हे. फिकट वा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्शाची जाणीव नसणे, याकडे पुढेही लक्ष हवे.

सहवासित म्हणजे केवळ नातलग नव्हेत. वर्षभरात किमान तीन महिने, आठवड्याला वीस तासांहून अधिक काळ जो जवळ असतो, तोही त्यात येतो. या मोजमापाने दुकानातील मुनीम, स्वयंपाकाची बाई, माळ्यावर झोपणारा नोकर हे सारे घरचेच ठरतात. आणि रुग्ण नोकरच असेल तर? बहुधा त्याचा पगार चुकता करून त्याला गावी धाडले जाते. आजाराचे नावही कोणी घेत नाही. बहुविध औषधोपचार सुरू होताच थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होत नाही, हे मालकाला कोणी सांगितलेले नसते. त्या पोराच्या अंगाखांद्यावर खेळलेली मालकाची नातवंडे मग कोणत्याच यादीत येत नाहीत.

विवाहाच्या भीतीविषयी एवढेच, की जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्येच वगळले गेले. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव सहवासितांपुढे उघड करायचे नसते, हेही घरच्या वडीलधाऱ्यांनी कर्मचाऱ्यास दारातच विचारून घ्यावे, आणि मग यादी पुरी सांगावी, माळ्यावरच्या पोरासकट.