फावल्या वेळी : बाहुलीच्या घरातील दिवा

जयपूरला जाणारा प्रवासी आमेरच्या किल्ल्यातील शीशमहाल पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. सतराव्या शतकात, मिर्झा राजा जयसिंगांच्या काळात, या दालनाच्या भिंतींत व छतात आरशांचे असंख्य तुकडे बसविण्यात आले. एक मेणबत्ती लावली की सारे छत चांदण्यांनी भरून जाते, असे तेथील वाटाडे सांगतात. यातील मर्म साधे आहे. सपाट आरसा प्रकाश एकाच दिशेने परतवितो. फुगीर आरसा तो चोहोकडे पसरवितो. म्हणून येथे कोठेही उभे राहिले तरी ज्योतीचे प्रतिबिंब दिसते.

ते दालन पाहून बाहेर पडताना आमच्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "आजी, माझ्या बाहुलीच्या घरात असा दिवा लागेल का?" तिची भातुकली एका खोक्यात मांडलेली असते आणि संध्याकाळ झाली की बाहुली अंधारात झोपते, ही तिची खरी तक्रार होती.

असा दिवा घरी करता येतो. इंग्लंडमध्ये १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी जे प्रसिद्ध बाहुलीघर बांधले गेले, त्यात विजेचे दिवे लागत, नळांना पाणी येई आणि उद्वाहनेही चालत. त्याचे प्रमाण फुटास एक इंच असे होते आणि त्याचे शिल्पकार होते एडविन लट्येन्स. दिल्लीचे राष्ट्रपती भवन व त्याच्या प्रांगणातील 'जयपूर स्तंभ' यांची रचनाही त्यांचीच. आपणही हेच प्रमाण धरावे. खऱ्या घरात नऊ इंचांची हंडी असेल, तर बाहुलीच्या घरात ती पाऊण इंचाची हवी.

साहित्य असे : ३ मिलिमीटरचे पिवळसर-पांढरे एलईडी दिवे, प्रत्येक दिव्यासाठी १०० ओहमचा एक रेझिस्टर, बारीक वायर, एक छोटे बटण, आणि पेन्सिल सेल बसविण्याची तीन सेलची डबी. डबीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे.

रेझिस्टर कशासाठी, असा प्रश्न पडेल. मलाही पडला होता, आणि तो अनावश्यक समजून मी पहिला दिवा तीन सेलना थेट जोडला. क्षणभर तो लखलखला आणि कायमचा विझला. नातीचा चेहरा पाहवेना. तीन सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात. या दिव्याला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. उरलेला दीड व्होल्ट रेझिस्टर स्वतःवर घेतो आणि दिव्यातून साधारण १५ मिलिअँपिअरच प्रवाह जाऊ देतो. दिव्याचा लांब पाय धन टोकाकडे जोडावा. उलट जोडल्यास तो लागत नाही. चार दिवे लावावयाचे असल्यास प्रत्येकाची जोडणी, त्याच्या स्वतंत्र रेझिस्टरसह, डबीपासून वेगळी न्यावी. म्हणजे एक बिघडला तरी बाकीचे लागत राहतात.

आता सजावट. जयपूरच्या 'मनिहारों का रास्ता' या गल्लीत आरसे जडविलेल्या लाखेच्या बांगड्या मिळतात. लहान मुलीच्या मापाची अशी एक बांगडी तीन दोऱ्यांनी आडवी टांगावी व तिच्या कडेला तीन दिवे बसवावेत. दिवाणखान्याचे झुंबर तयार होते. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून सोल्डरिंगचे काम आधी उरकावे आणि बांगडी मागाहून चढवावी. पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापला की छताची हंडी होते. स्वयंपाकघरात मोठ्या मण्यात ओवलेला एकच दिवा शोभतो. शीशमहालाची हौस असल्यास छताला मातीचा पातळ थर देऊन त्यात भरतकामाचे गोल आरसे बसवावेत. हे आरसे सपाट असतात, म्हणून प्रत्येक आरसा थोडा निरनिराळ्या बाजूस कलता ठेवावा. आरशांच्या कडा मोठ्या माणसाने काचकागदाने घासून घ्याव्यात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. खेळण्यातील दिवे घरच्या विजेला कधीही जोडू नयेत. दुसरे, जागा वाचते म्हणून बटणासारखे चपटे सेल वापरू नयेत. मुलाने असा सेल गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सोल्डरिंग आपण करावे. तारा निवडणे, मणी ओवणे, धन-ऋण टोके ओळखणे मुलांवर सोपवावे. आमच्या घरी दुसरा दिवा नातीने जोडला. तो लागला नाही, तेव्हा तिने कोणास न विचारता त्याचे पाय उलटे करून पाहिले आणि दिवा लागला. त्या रात्री बाहुली उजेडात झोपली. बटण बंद करावयास मात्र नात विसरली नाही. सेल संपले तर उद्या अंधार होईल, हे तिला आता कोणी सांगावे लागत नाही.