विश्लेषण : क्वांटम संगणकाला ‘कॅच सायडिंग’ कशासाठी?

लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना भोर घाटात कॅच सायडिंग लागते. उतारावर गाडीचा ताबा सुटलाच, तर ती चढाच्या, पुढे बंद असलेल्या रुळांवर वळते आणि थांबते. खालची वाहतूक वाचते. क्वांटम संगणकालाही अशीच सोय लागते. तिथे अडवायच्या असतात मायक्रोवेव्ह लहरी.

आपल्याकडे काय घडले?
ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी मुंबईत पूर्ण झाली. क्युबिट ‘टीआयएफआर’ने घडवले, नियंत्रण आणि मोजणीची यंत्रणा पुण्यातील ‘डीआरडीओ’च्या क्वांटम प्रयोगशाळेने जुळवली, तर क्लाउड जोडणी ‘टीसीएस’ने दिली.

अडचण कुठे येते?
हे क्युबिट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतात. त्यांची स्थिती वाचण्यासाठी साधारण ४ ते ८ गिगाहर्ट्झचा संकेत वापरतात. घरातल्या ५ गिगाहर्ट्झ वायफायच्या लहरीही याच पट्ट्यातल्या. क्युबिटकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. तो वाढवायला अॅम्प्लिफायर लागतो. पण क्युबिटच्या मानाने अॅम्प्लिफायर ‘गरम’. त्याचा गोंगाट त्याच तारेतून मागे आला, तर क्युबिटची नाजूक स्थिती मोडते आणि उत्तर चुकते.

आयसोलेटर काय करतो?
तो बाहेर निघालेल्या संकेताला वाट देतो आणि उलट येणारा गोंगाट बाजूला वळवून जिरवतो. एक आयसोलेटर उलटी ऊर्जा साधारण शंभरपट घटवतो. दोन जोडले तर दहा हजारपट.

मग प्रश्न सुटला का?
नाही. नेहमीच्या आयसोलेटरमध्ये फेराइट आणि चुंबक असतो. चुंबकीय क्षेत्र अतिवाहकतेला मारक, म्हणून तो चिपपासून दूर, कवचात ठेवावा लागतो. क्युबिट वाढले की तारा वाढतात, आयसोलेटर वाढतात आणि शीतयंत्रात जागा उरत नाही. म्हणूनच चुंबकाविना चिपवर मावेल असा आयसोलेटर घडवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत.

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचे आहे. बातमी क्युबिटच्या आकड्याची होते. आयसोलेटर, अॅम्प्लिफायर, केबल मागे राहतात. या सुट्या भागांच्या संशोधनाला आणि देशी उत्पादनाला मिशनने आताच निधी राखून ठेवायला हवा. घाट नुसत्या इंजिनाच्या जोरावर उतरता येत नाही.