कुलवृत्तान्ताचें नवें घर

गेल्या दिवाळींत मोहाडीच्या आमच्या घरीं भाऊबंद जमले असतां पाडव्याच्या दुपारीं ओसरीवर एक वाद रंगला. कुलवृत्तान्ताचें संकेतस्थळ मुळापासून नवें बांधवून घ्यावें, कीं जगांत तयार असलेल्या एखाद्या सांगाड्यावर उभारावें? अशा सांगाड्यांस सीएमएस म्हणतात; लेख व चित्रें ठेवण्याची आणि कोणास काय दिसावें हें ठरविण्याची व्यवस्था त्यांत आधींच केलेली असते. वर्गणी घरोघरून जमा झालेली होती. निवाडा मात्र या म्हाताऱ्या मास्तराच्या गळ्यांत पडला.

पदरीं एक अनुभव होता. कांहीं वर्षांपूर्वीं एका होतकरू तरुणाकडून आम्हीं असेंच स्थळ स्वतंत्र बांधवून घेतलें होतें. दिसावयास फार सुरेख! पुढें त्यास दूर नोकरी लागली, सर्व्हरवरील पीएचपी भाषेची आवृत्ति बदलली, आणि एके सकाळीं पाहतों तों पान कोरें. त्यानें लिहिलेलें दुसऱ्या कोणास उलगडेना. वडील मंडळींनीं लिहून दिलेल्या आठवणी त्यांत गेल्या. नक्कल कोणीं ठेवली नव्हती, आणि लिहिणाऱ्यांपैकीं दोघे आतां हयात नाहींत. त्या तरुणास मी दोष देत नाहीं. एकट्यालाच वाचतां येईल अशी वही आम्हींच पत्करली होती.

माझा पुतण्या तरीहि नव्या बांधणीच्या बाजूचा. "काका, तयार सांगाड्यावरचीं स्थळें सगळीं एका छापाचीं दिसतात," हा त्याचा आक्षेप. मीं त्यास आमच्या गांवच्या मागांची आठवण दिली. येथील व आंधळगांवचे विणकर कोशाचीं वस्त्रें विणतात. करवतीच्या दात्यांसारखा काठ ही त्यांची कीर्ति. पण नवें लुगडें विणावयाचें म्हणून कोणी नवा माग घडवीत बसत नाहीं. माग घरोघर सारखाच. ओळख पटते ती काठावरून.

मराठी संकेतस्थळांनींहि हेंच केलें आहे. 1996 सालीं निघालेली मायबोली पुढें ड्रुपल या सांगाड्यावर गेली. 2007 मधील मिसळपावहि ड्रुपलवरच उभें राहिलें. त्यांच्या पानांच्या पत्त्यांत 'नोड' हा शब्द आढळतो, ती त्याचीच खूण. ड्रुपल हें बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनीं 2001 सालीं सर्वांस खुलें केलें. मराठी मंडळींनीं तें घेतलें, देवनागरींत टंकण्याची सोय त्यास जोडली, आणि आपलें बळ लिहिण्याकडे लावलें. मराठी विकिपीडियाहि मीडियाविकी या तयार सांगाड्यावरच चालतो.

एवढ्यावर बहुतेकांनीं "मग वर्डप्रेस घेऊं" असा घोष केला. वर्डप्रेस 2003 सालीं मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनीं बी-टू नांवाच्या जुन्या सांगाड्यापासून काढलें, आणि आज जगांतील दर दहा संकेतस्थळांपैकीं चारांहून अधिक त्यावर चालतात. मलाहि तें पटत आलें होतें. इतक्यांत चहाचे पेले उचलतां उचलतां सूनबाई म्हणाली, "मामंजी, तें लेखांसाठीं उत्तम. पण वंशावळ म्हणजे लेख नव्हे. तीं माणसामाणसांचीं नातीं आहेत." ती नागपुरास संगणकाच्याच व्यवसायांत आहे, हें आम्ही पुरुष मंडळी तासभर विसरलों होतों.

तिनें वेबट्रीज नांवाचा सांगाडा सुचविला. 2010 सालीं निघालेला, विनामूल्य, आणि वंशावळीसाठींच केलेला. त्यांतील माहिती जेडकॉम या ठरीव लिपीच्या फाइलींत बाहेर काढतां येते. ही रीति 1984 पासून चालत आली असून पुष्कळ इतर वंशावळ-सांगाड्यांस वाचतां येते. म्हणजे उद्यां वेबट्रीज बुडालें तरी वंशावळ बुडणार नाहीं. हयात माणसांची माहिती परक्या पाहुण्यांपासून आपोआप झांकली जाते, हेंहि मला महत्त्वाचें वाटलें; घरांतल्या मुलींच्या जन्मतारखा चव्हाट्यावर कशास?

पुतण्यानें आणलेला आराखडा मग मीं पुन्हां पाहिला. आजोबांच्या वहीची ती हुबेहूब प्रतिकृति होती, आणि वहींत मुलगे नांवानिशीं असून मुलींच्या जागीं केवळ "कन्या 3" एवढेंच! वेबट्रीजमध्यें प्रत्येक अपत्य आई व बाप या दोघांसहि जोडतां येतें. आईची चौकट मोकळी राहिली तर ती डोळ्यांस खुपते. नव्या बांधणींत आम्हीं आमची जुनी चूकच पैसे मोजून कोरून घेतली असती.

तेव्हां वेबट्रीज ठरलें. पुतण्याच्या कौशल्यासहि वाव आहे: पानांचें रूप व छापील वंशवृक्षाची मांडणी त्यानें करावी, मात्र निराळ्या जोडांतून. सांगाड्याच्या गाभ्यांत फेरफार केले कीं नवी आवृत्ति चढवितांना ते पुसले जातात; आणि आवृत्ति न चढविली तर चोरास दार उघडें. तें काम सूनबाई पाहील. स्थळाच्या पत्त्याची नोंदणी बांधणाऱ्याच्या नव्हे, घरच्याच नांवें राहील, आणि जेडकॉमची फाइल दर दसऱ्यास तीन घरीं उतरवून ठेवावयाची.

वर्गणीचा मोठा भाग शिल्लक राहिला. संध्याकाळीं सूनबाई माझ्या थोरल्या आत्याजवळ वही घेऊन बसली. आत्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. "कन्या 3" यांपैकीं दोघींचीं नांवें त्यांनीं तत्काळ सांगितलीं, सासरच्या गांवांसह. तिसरीचें आठवेना. लहानपणींच गेली, एवढेंच त्या म्हणाल्या. तिच्यासाठीं एक चौकट आम्हीं उघडून ठेवली आहे.