गलोलीस तेल कोणते द्यावे?

देवळाली कॅम्पच्या आसपास, भगूर-नानेगावाकडून दारणेच्या काठापर्यंत, कणसांवर बसणारी पाखरे हाकण्यास गोफणीच्या जोडीला गलोल अद्यापि वापरात आहे. येथील तोफखान्याच्या सरावाचे धडाके ऐकून आमच्याकडील पोपट इतके निर्ढावले आहेत की, फटाक्याने ते मानही वळवीत नाहीत. बांधावर टांगलेल्या पत्र्यावर खडा टणकन् बसला म्हणजे मात्र थवा उठतो. (नेम पत्र्यावरच धरावा. पोपट मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे महसूल खात्यात जन्म घालविलेल्या माणसाने न सांगून कसे चालेल?)

गेल्या हुरड्याच्या दिवसांत आमच्या नातवाच्या गलोलीचे रबर ताणता ताणता तुटले आणि तुटलेले टोक त्याच्या भुवईवर बसले. बोटभर खाली बसते तर डोळा गेला असता. रबर नवे होते. मग तुटले का? आम्ही गलोल हाती घेतली तो ती काळी, चिकट आणि डिझेलच्या वासाची. पोराने ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले जळके ऑइल तिला फासले होते, आणि त्यास दोष तरी कसा द्यावा? कुदळीचा दांडा असो, कुऱ्हाडीचा असो, की गाडीचे जू असो, सर्वांस तेच ऑइल फासताना त्याने आम्हांसच पाहिले होते.

ही चाल सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जळके ऑइल फुकट मिळते आणि वाळवी दूर ठेवते, एवढेच त्याच्या बाजूने बोलता येईल. परंतु ते लाकडात कधीही वाळत नाही. ते रबरास लागले म्हणजे रबर फुगते व त्याचा जीव जातो. शिवाय इंजिनात तापून त्यात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये उतरलेली असतात. जी वस्तू आपण दिवसभर घामेजल्या मुठीत धरतो आणि पोरे कधी दातांतही धरतात, तीस असले तेल देणे म्हणजे शुद्ध अविचार होय.

दुसरी चाल घरातील तेलाची. शेंगदाण्याचे, तिळाचे, खोबऱ्याचे किंवा करंजाचे तेल लावले की लाकूड त्या दिवशी सुरेख दिसते. पुढे त्यावर धूळ बसते, तेल खवट होते आणि मूठ चिकचिकते. कारण ही तेलेही हवेत वाळणारी नव्हेत. एरंडेलही आपोआप वाळत नाही. कच्छातील निरोणा गावचे रोगण कारागीर ते विस्तवावर आटवून घट्ट करतात खरे, पण तो खटाटोप आपल्या चुलीचा नव्हे. व्हार्निश लाकडाच्या वर पापुद्र्यासारखे राहते. एकदा ठोकर लागून टवका उडाला की तेथून पाणी आत शिरते, आणि घामाने मूठ निसटते ती वेगळीच.

राहिले जवसाचे तेल. ते हवेतील प्राणवायू घेऊन लाकडाच्या रंध्रांतच घट्ट होते, म्हणून मूठ कोरडी राहते आणि पाणी लवकर शिरत नाही. क्रिकेटच्या बॅटीस हेच तेल देतात, आणि जुन्या ३०३ रायफलींच्या दस्त्यांस लष्करात हेच चोळीत. जवस न मिळाल्यास करडईचे चालेल, मात्र त्यास वाळावयास अधिक दिवस लागतात. दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते दाराखिडक्यांस ठीक, मुलांच्या हाती देण्याच्या वस्तूस नको. घाण्याचे कच्चे तेलच घ्यावे.

तेलापूर्वी लाकूड पाहावे. पेरूचे किंवा चिंचेचे बेचके हिवाळ्यात तोडावे, कापलेल्या टोकांस मेण लावावे, म्हणजे ती उलत नाहीत, आणि सावलीत टांगावे. दर आठवड्यास वाण्याच्या काट्यावर वजन करून कागदावर मांडावे. आमच्या या सवयीस घरात हसतात. परंतु दोन-तीन आठवडे वजन उतरले नाही म्हणजे लाकूड वाळले, याहून सोपी खूण आम्हांस ठाऊक नाही. ओल्या लाकडात तेल मुरत नाही. आणि चीर गेलेल्या बेचक्यास तेलाने बळ येत नाही, उलट चीर झाकली जाते.

काचकागदाने घासून, ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर पुन्हा एकदा हलके घासावे. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी. विस्तवावर ठेवू नये. फडक्याने तेल चोळावे, पाव तास थांबावे, आणि वर राहिलेले सगळे पुसून काढावे. येथेच बहुतेक चुकतात. अधिक तेल म्हणजे अधिक मजबुती, असे समजून ते वर तसेच ठेवतात, आणि मग त्यावर दुधाच्या सायीसारखी चिकट कातडी धरते. आठवड्याच्या अंतराने असे तीन-चार हात द्यावेत. कापलेली टोके अधिक तेल पितात, त्यांस एक हात जास्त. पावसाळ्यात हे काम काढू नये. रबर बांधावयाचे ते शेवटचा हात पुरता वाळल्यावर, कारण रबरास हेही तेल सोसत नाही.

एक धोका मात्र ठळक सांगितला पाहिजे. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाच्या फडक्यांचा बोळा करून टाकला तर ती आतच कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. आम्ही एकदा असा बोळा पोत्यांवर विसरलो; दुपारी उचलला तो भाकरीसारखा ऊन लागला आणि करपल्याचा वास येत होता. कडब्याची गंजी तेथून दहा पावलांवर होती. तेव्हापासून फडकी पाण्यात बुडवून मगच बाहेर उघड्यावर पसरून वाळवितो.

जवसासाठी बाजार धुंडाळण्याचेही कारण नाही. रब्बीत हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या कडेने जवसाच्या चार ओळी घालण्याची आपली जुनी रीत आहे. पाच किलो जवसांतून घाण्यावर दीड किलोच्या आसपास तेल निघते. एका गलोलीस दोन-तीन चमचे लागतात, बाकी घरच्या साऱ्या दांड्यांस आणि जुवांस पुरून उरते. पेंड गुरांस जाते.

यंदा आम्ही चार बेचकी ओसरीत टांगली होती. एकास चीर गेली, ते चुलीत घातले. उरलेल्या तिघांचे वजन परवा स्थिर झाले, आणि नातवाने पहिला हात दिला आहे.