कॅमेऱ्यालाही शिक्का हवा

दादरच्या बाजारातल्या तराजूला वैधमापनाचा शिक्का लागतो. मग बाळाचे वजन सांगणाऱ्या कॅमेऱ्याला का नको?

मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने नवजात बाळाच्या मोबाइल व्हिडिओवरून वजनाचा अंदाज देणारे तंत्र विकसित केले आहे. आशाताईंना ते उपयोगी पडेल. पण कॅमेऱ्याचे भिंग कडेला प्रतिमा वाकवते. ठरावीक मापाच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट टिपून ही चूक मोजता आणि सुधारता येते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

सगळी मापे ३ टक्के जास्त आली, तर घनफळ ९ टक्क्यांनी फुगते. २,४०० ग्रॅमचे बाळ २,६०० ग्रॅमचे भासते. आम्हा डॉक्टरांसाठी २,५०० ग्रॅम ही धोक्याची रेषा आहे. त्याखालच्या बाळाला ऊब, स्तनपान आणि देखरेख जास्त लागते. म्हणून प्रत्येक मोबाइल मॉडेलची अशी तपासणी सरकारने सक्तीची करावी.